मिलेना, मंगळवार-गुरुवार, तीन वाजता

एकोणीस ऑगस्टला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती, आणि त्या निमित्तानं नेलिदाला काहीतरी खास द्यावं असं माझ्या मनात आलं. एखादी बरी शाल घेऊन मोकळा झालो असतो, तर आज ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

पण जुलैतल्या पहिल्या रविवारी मी तिला स्वयंपाकघराच्या खिडकीशी पाहिलं. (आमच्या दक्षिण गोलार्धात जुलै म्हणजे ऐन हिवाळा.) रात्रभर बर्फ पडून समोरचा डोंगर पांढराशुभ्र झाला होता. नेलिदा हातातली बशी पुसत त्याच्याकडे बघत होती. एकच बशी. सात मिनिटं. (मी घड्याळ लावून मोजलं. नगरपालिकेच्या पाणीखात्यात सव्वीस वर्षं मीटर वाचले की माणूस काहीही मोजायला लागतो.)

लग्नाआधी नेलिदा स्की करायची. नुसती करायची नाही, ती उतारावरून निघाली की आमचं अर्धं बारिलोचे गाव माना वळवायचं. लग्नानंतर तिनं मला एकदा डोंगरावर नेलं. तिथं मी उभ्या जागी पडलो. उतारावर नव्हे, गाड्या लावायच्या सपाट जागेत. "तू खाली एकटाच कॉफी पीत बसणार आणि मी वर मजा करणार? छे!" म्हणून तिनं आपल्या स्कीज माळ्यावर टाकल्या, आणि नंतर त्यांचं नावही काढलं नाही. त्या दिवशी मात्र ती बशी सगळं बोलून गेली.

मी ठरवलं. या मोसमात गुपचूप स्की शिकायचं आणि एकोणीस तारखेला तिच्या शेजारून, खांद्याला खांदा लावून, डोंगरावरून सुसाट खाली यायचं! नुसत्या विचारानं माझ्या पोटात गुदगुल्या झाल्या. बावन्नाव्या वर्षी माणसाच्या पोटात सहसा वेगळंच काहीतरी होतं.

"माझी दाढ दुखतेय," मी नेलिदाला सांगितलं. "मंगळवार-गुरुवार दुपारी दवाखान्यात जावं लागेल."

पहिल्या आठवड्यात ती हळहळली. दुसऱ्या आठवड्यात मी लंगडत घरी आलो.

"दाढ दुखते म्हणून लंगडतोस?"

"नस असते ना गं. खालपर्यंत जाते."

चौथ्या आठवड्यात माझा चेहरा उन्हानं वांग्यासारखा झाला आणि डोळ्यांवरच्या चष्म्यामुळे डोळ्यांभोवती दोन पांढरी वर्तुळं राहिली.

"डॉक्टरांचा दिवा फार प्रखर आहे," मी म्हणालो.

सासूबाई दोन घरं पलीकडे राहतात आणि जेवायला आमच्याकडे असतात. त्या सूप ढवळत शांतपणे म्हणाल्या, "आमच्या गल्लीत एका माणसाची दाढ अशीच दुखायची. पुढे त्या दाढेला मुलगी झाली."

मी हसलो. नेलिदा हसली नाही.

नंतर तिनं माझी पँट धुवायला काढली तेव्हा खिशात एक चिठ्ठी सापडली. माझ्या शिक्षिकेनं वेळ लक्षात राहावी म्हणून दिलेली. "मिलेना. मंगळवार-गुरुवार, तीन वाजता. घाबरायचं नाही. स्वतःला माझ्या हवाली कर!" वर शेजारच्या ओफेलियानं सांगितलं की तिनं मला डोंगरावर एका बाईच्या कमरेला मिठी मारलेलं पाहिलं. (मारली होती. सोडली असती तर मी थेट चिलीत जाऊन थांबलो असतो.)

यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. सतरा तारखेच्या गुरुवारी मी शीळ घालत घराबाहेर पडलो. त्या दिवशी मिलेनाबाई मला प्रथमच वरच्या उतारावर नेणार होत्या. दोराला टांगलेल्या खुर्च्यांच्या लिफ्टनं आम्ही वर पोहोचलो. मी कडेशी जाऊन खाली बघितलं आणि दोन पावलं मागे आलो.

"बाई, हे उभं आहे."

"डोंगर आहे आन्सेल्मो. उभाच असतो."

"मी आज खुर्चीतूनच खाली जातो. उतरायचं शनिवारी बघू."

बाईंनी सुस्कारा सोडला. "बस. मी मागून घसरत येते."

तर मी खुर्चीत एकटाच खाली निघालो. सरोवर खाली लखलखत होतं, हवा काचेसारखी स्वच्छ होती, आणि दोन दिवसांनी नेलिदाचा चेहरा कसा होईल या विचारात मी गाणं म्हणत होतो. एवढ्यात वर येणाऱ्या खुर्च्यांच्या रांगेत मला एक तपकिरी सुटकेस दिसली. आमच्याकडे अशीच होती. सुटकेसच्या मागून एक हिरवी टोपी दिसली. आमच्याकडे तशीही होती.

"नेलिदा!"

"कुठं आहे ती?" नेलिदा ओरडली. "तुझे कपडे आणलेत! घे आणि राहा तिच्याकडे!"

मी तोंड उघडेपर्यंत आम्ही एकमेकांना ओलांडलं. ती वर, मी खाली. आणि धाडकन लिफ्ट थांबली. (नेलिदाबरोबर आलेल्या सासूबाई खाली खुर्चीत बसल्या होत्या आणि ऐनवेळी विचार बदलून त्यांनी लिफ्टवाल्याच्या गळ्याला मिठी मारली होती, हे नंतर कळलं.)

आम्ही दोघं हवेत लोंबकळत होतो. ती माझ्यापासून दोन खुर्च्या वर. वारा असा सुटला होता की माझा आवाज तिच्यापर्यंत पोहोचेना. वर जाणाऱ्या रांगेत माझ्या बरोबरीच्या खुर्चीत ब्राझीलहून मधुचंद्राला आलेलं जोडपं होतं, त्यांच्या पुढे रोसारिओचा एक टक्कल पडलेला गृहस्थ, आणि त्याच्यापुढे नेलिदा.

"साहेब," मी त्या नवऱ्या मुलाला म्हणालो, "माझ्या बायकोला एवढं सांगा, मी मिलेनाकडे वळायला शिकतोय!"

तो बिचारा भला होता, पण स्पॅनिश त्याला यथातथाच येत होतं. पुढे वळून तो ओरडला, "तो म्हणतो, वळलाय! मिलेनाकडे!"

टक्कलवाल्यानं ते गंभीरपणे वर पोहोचवलं. "बाई, वाईट वाटून घेऊ नका. ते मिलेनाकडे वळलेत."

वरून एक किंकाळी आली.

"तसं नाही!" मी हात नाचवले. खुर्ची झुलायला लागली म्हणून परत दांडा धरला. "सांगा, लग्नाला पंचवीस वर्षं होताहेत, म्हणून हे सगळं केलं!"

"लग्न आहे! पंचवीस वर्षांची!"

"बाई, मुलगी पंचवीस वर्षांची आहे. लग्न करताहेत."

"आणि दाढ?" नेलिदाचा आवाज आता वाऱ्याला चिरून आला. "सहा आठवडे एका दाढेला?"

टक्कलवाला एकदम माझ्याकडे वळला. मघापासूनचा मवाळपणा गेला. "सहा आठवडे? मी स्वतः दंतवैद्य आहे! कोण आहे तो गाढव? नाव सांगा त्याचं!"

मी नाव काय सांगणार? मी लिफ्टचे खांब मोजायला लागलो, आणि त्यानं उरलंसुरलं काम केलं. नेलिदानं सुटकेस उचलली आणि खाली फेकली.

सुटकेस बर्फावर आडवी पडली, एक क्षण थांबली, आणि मग निघाली. काय सांगू! पहिल्या वळणाला अलगद कलली, दुसऱ्याला सावरली, एका खांबाला तिनं शिताफीनं चुकवलं आणि तळाशी सासूबाईंच्या पायांजवळ जाऊन झोकात उभी राहिली. ब्राझीलवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. सहा आठवड्यांत मला एकदाही असं जमलं नव्हतं, आणि त्यात माझेच कपडे होते.

"बघ!" खालून आवाज आला. "अंग सैल सोडलं की असं जमतं!"

मिलेनाबाई लिफ्टच्या बरोबर खाली येऊन थांबल्या होत्या. त्यांनी शिरस्त्राण काढलं. पांढऱ्या केसांचा अंबाडा सुटला. वय अडुसष्ट.

वारा आता पडला होता, आणि वरची हिरवी टोपी दांड्यावरून खाली वाकली. मग नेलिदाचा आवाज आला, पण अगदी वेगळा, शाळकरी.

"मिलेनाबाई? मी नेलिदा! रेल्वे वसाहतीतली! तुम्ही मला शिकवलं होतंत!"

"नेलिदा? तू? आणि हा दगड तुझा नवरा?"

"हो ना बाई! काय करतोय तो इथं?"

"शनिवारी तुला डोंगर उतरून दाखवायचाय म्हणून सहा आठवडे पडतोय. परवा रडला. मी म्हटलं सोडून दे. म्हणाला, माझी बायको एक बशी सात मिनिटं पुसते."

दंतवैद्यानं नाक पुसलं. ब्राझीलच्या मुलीला एकही शब्द कळला नव्हता, तरी ती हुंदके देत होती. नेलिदानं हिरवी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

"मूर्खा!" ती ओरडली. "मला वाटलं, गेलास तू!"

लिफ्ट सुरू झाली. ती वर गेली, मी खाली.

खाली सासूबाई सुटकेसवर बसल्या होत्या. "काय जावईबापू, पोरगी कितीची?"

"अडुसष्टची."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि सरकून त्यांनी मला जागा दिली.

तेवढ्यात वर उताराच्या टोकाशी एक हिरवा ठिपका दिसला. नेलिदानं वरच्या दुकानातून स्कीज भाड्यानं घेतल्या होत्या. पंचवीस वर्षांनी! ती एकदा हेलपाटली. मी सासूबाईंचा हात घट्ट धरला. मग ती निघाली, आणि निघाली ती काय निघाली! मिलेनाबाई मागे पडल्या. बर्फाचे फवारे उडत होते, टोपी उडून गेली होती, आणि आमची नेलिदा तोंड भरून हसत, ओरडत खाली येत होती. मी सुटकेसवर चढून नाचलो. सुटकेस घसरली आणि मी पडलो, पण ते सोडा.

ती थेट माझ्यापुढे येऊन थांबली. गाल लालबुंद. "आन्सेल्मो! शनिवारी सकाळी आठला निघायचं. आणि रविवारीही! आणि मोसम संपेपर्यंत रोज!"

तसंच झालं. शनिवारी मी तिच्याबरोबर उतरलोही. तिला चार मिनिटं लागली, मला पावणेदोन तास.

ऑक्टोबरात मोसम संपला तेव्हा मिलेनाबाईंच्या शाळेकडून माझं प्रगतिपुस्तक घरी आलं. मोठ्यांचे छापील कागद संपले होते म्हणून त्यांनी बालवर्गाच्या कागदावरच भरलं होतं. रविवारी पानं वाढल्यावर सासूबाईंनी ते मोठ्यानं वाचलं. "स्वतःचे मोजे स्वतः घालतो: होय. इतरांना ढकलतो: होय. वर्गात रडतो: कधी कधी. पुढच्या वर्षी याच वर्गात बसवावे."

खाली पालकांच्या सहीसाठी जागा होती. नेलिदानं हात पुसले, पेन मागवलं आणि सही केली.