साबणाची पायरी

लेकीच्या होणाऱ्या सासूबाई पहिल्यांदाच घरी यायच्या होत्या, म्हणून अप्पांनी दारातल्या तिन्ही पायऱ्या स्वतः घासल्या. भांड्यांच्या साबणाची अर्धी बाटली संपवली. पायऱ्या लखलखल्या, फक्त वरून पाणी ओतायचं तेवढं राहून गेलं. बरोबर पाचला रिक्षा थांबली. बाई हसत हसत दुसऱ्या पायरीवर आल्या आणि तिथेच धप्पकन बसल्या.

"आई गं! माझा घोटा!"

पडायला नेमक्या याच बाई मिळाव्यात! त्यांनी विमा कंपनीत तीस वर्षं एकच काम केलं होतं: कोण कुठे घसरून पडलं आणि त्यात जागेच्या मालकाची चूक किती, हे ठरवायचं. लेकीनेच परवा मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं.

बाईंनी बसल्या बसल्या पायरीवरून बोट फिरवलं, वास घेतला. "साबण. लिंबाचा. कठडा नाही, पायपुसणं नाही. मालक कोण इथले?"

अप्पा पुढे होणार, तोच मेहुण्याने त्यांची बाही ओढली. हा वकिलाकडे कारकून होता आणि स्वतःला वकिलापेक्षा दीड पाऊल पुढे समजे.

"दाजी, तोंड उघडू नका! त्यांच्या चपलेचा तळ बघा, पार गुळगुळीत झालाय. चूक त्यांचीच. थांबा, मी फोटो काढतो."

खरंच होतं ते. एक वाक्य बोललं असतं तर अप्पा सुटले असते. पण दारात लेक उभी होती, पांढरीफटक. शिवाय पायऱ्या कोणी घासल्या, हे अप्पांना चांगलंच ठाऊक होतं.

"मालक मीच," ते म्हणाले. "साबण मीच लावला, धुवायला मीच विसरलो. माफ करा. पण पोरीचा यात काडीचाही दोष नाही हो."

बाईंनी साबणाचं बोट रुमालाला पुसलं.

"तीस वर्षांत असं म्हणणारा मालक मला भेटला नव्हता. जो तो आधी पडणाऱ्याच्या चपला दाखवायचा." मग त्यांनीच पायातली चप्पल काढून उलटी केली. "बघा हा तळ. नवीन घे म्हणून मुलगा वर्षभर कानीकपाळी ओरडतोय. निम्मी चूक तुमची, निम्मी माझी. आता हात द्या. आणि लग्नाआधी इथे कठडा बसवा. पाहणीला मी स्वतः येणार."

'लग्नाआधी' हा शब्द ऐकून लेकीच्या चेहऱ्यावर रंग आला. अप्पांचे तर डोळेच भरून आले. त्यांनी बाईंना दाराशी खुर्चीत बसवलं, बायको बर्फ घेऊन धावली.

चप्पल मात्र पायरीवरच राहिली होती. ती पाहून मेहुण्याला राहवेना. मोबाईल सरसावून तो पायरी उतरला आणि पुढच्याच क्षणी अंगणात आडवा झाला.

"दाजी! पायरी तुमची, जबाबदारी तुमची! मी सोडणार नाही!"

अप्पा कबुलीजबाब द्यायला पुन्हा पुढे झाले. बाईंनी घोट्यावरचा बर्फ सावरत त्यांना हातानेच थांबवलं.

"कारकूनसाहेब," त्या खुर्चीतूनच म्हणाल्या, "आधी चपलेचा तळ दाखवा."