ठीकसाहेबांची एंगेजमेंट

सूचना लिहावी तर मी! हे माझ्याच तोंडाने सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही. आमच्या हॉस्पिटलात लिफ्ट बंद असो, पाणी जाणार असो, जिन्याच्या कठड्याचा रंग ओला असो, फलकावर सूचना माझीच! मोजके शब्द, स्वच्छ अर्थ आणि वर चमचाभर नम्रपणा. माझी सूचना वाचून कुणाचा गैरसमज झाला, असं कधी घडलं नव्हतं. त्या शनिवारपर्यंत!

तसं माझं खरं काम केसपेपर तपासण्याचं. पेशंटला काय झालंय, आपण काय केलं आणि पुढे काय करायचं, हे डॉक्टरांनी नीट लिहिलंय का ते बघायचं. लिहिलं नसेल तर त्यांच्याकडून लिहून घ्यायचं. ऐकायला किती सोपं! मांजराला आंघोळ घालणंही ऐकायला सोपंच वाटतं. मी कॉरिडॉरमध्ये लांबून जरी दिसलो, तरी डॉक्टर लोक असे गायब होतात की जादूगाराने त्यांच्याकडे शिकवणी लावावी.

त्यातले सगळ्यात अवघड म्हणजे आमचे हाडांचे डॉक्टर. हातात कला आहे त्यांच्या, खोटं कशाला बोलू? मोडलेलं हाड असं जोडतात की आपण कधी मोडलो होतो हे हाडालाही आठवत नसेल. पण लिहायचं म्हटलं की संपलं! वॉर्डात पेशंट बघितला की लिहिणार, ‘पाहिले. ठीक.’ ऑपरेशन झालं की, ‘केले. ठीक.’ बोलणंही तेवढंच. सगळं हॉस्पिटल त्यांना पाठीमागे ठीकसाहेब म्हणतं. पुढ्यात म्हटलं तरी ते ‘ठीक’च म्हणतील, पण अजून कुणाची हिंमत झालेली नाही.

एकदा त्यांनी तेवढंही लिहिलं नाही. झालं! वॉर्डातल्या एका आजोबांना ऑपरेशनसाठी दिवसभर उपाशी ठेवलं. ऑपरेशन आदल्या दिवशीच उरकलं होतं! आजोबा पायाचं प्लास्टर दाखवून ओरडत होते, “अहो, झालंय माझं!” पण कागदावर नव्हतं ना! संध्याकाळी भुलीच्या डॉक्टर मॅडम त्यांना तपासायला गेल्या आणि प्लास्टर बघून भडकल्या. “भूल मीच दिली होती यांना काल! माझा कागद आहे, त्यांचा कुठाय?” त्यांचा नव्हताच. आजोबांना पाणी पाजून मॅडम ज्या पावलांनी ठीकसाहेबांच्या केबिनकडे गेल्या, त्या पावलांचा आवाज खाली औषधांच्या दुकानात ऐकू आला म्हणतात.

हे प्रकरण मोठ्या साहेबांपर्यंत पोचलं. मोठे साहेब म्हणजे हॉस्पिटलचे प्रमुख. ते नुकतेच कुठल्याशा परिषदेहून आले होते आणि येताना एक नवा शब्द घेऊन आले होते.

“एंगेजमेंट!” साहेब टेबलावर बोट आपटून म्हणाले. “डॉक्टरांना नुसतं लिहा लिहा म्हणून चालत नाही. त्यांची एंगेजमेंट झाली पाहिजे. म्हणजे त्यांनी मनापासून सामील झालं पाहिजे. कळलं?”

“कळलं, सर!”

“एक सर्जन आणि एक भूलतज्ज्ञ, अशा जोड्या लावा. दोघांनी एकमेकांच्या नोंदी तपासायच्या. पहिली जोडी या दोघांचीच. एक सभा घ्या, जाहीर करा. आणि हे बघा, ही सभा फसली ना, तर तुमची बदली तळघरात, जुन्या फायलींच्या खोलीत!”

त्या खोलीत मी पूर्वी काम केलंय. तिथे दिवा एकच आहे आणि तोही मनाला येईल तेव्हा लागतो. मी लगेच सूचना लिहायला बसलो. आणि काय उतरली म्हणता!

‘डॉक्टर एंगेजमेंट कार्यक्रम. शनिवारी दुपारी चार वाजता, मोठ्या सभागृहात. पहिली जोडी: हाडांचे डॉक्टर व भुलीच्या डॉक्टर. सर्वांनी अगत्याने यावे, ही नम्र विनंती.’

‘अगत्याने’ हा माझा खास शब्द बरं का! नुसतं ‘यावे’ म्हटलं की कुणी येत नाही.

डॉक्टर सूचना वाचत नाहीत, हे मला माहीत होतं. बाकीचे सगळे वाचतात, हे लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मुख्य सिस्टर माझ्या टेबलापाशी. डोळे पाणावलेले!

“कधी ठरलं हो?”

“कालच. मीच ठरवलं.”

“तुम्ही?”

“म्हणजे जोडी साहेबांनी सुचवली, जुळवायचं काम माझ्याकडे.”

“अगंबाई! आणि त्या दोघांना विचारलंत का?”

“त्यात विचारायचं काय? हॉस्पिटलच्या भल्याचं आहे. नाही म्हणाले तर साहेब बघून घेतील.”

सिस्टर समोरच्या खुर्चीत बसल्या. म्हणजे जवळजवळ पडल्याच.

“पण दिवसभर भांडत असतात हो ती दोघं!”

“म्हणून तर लावली जोडी. आणि लगेच कायमचं कुठे करतोय? आधी तीन महिने प्रयोग. पटलं तर पुढे चालू, नाहीतर जोडी बदलायची!”

सिस्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्या डोक्यावर शिंगंच उगवली असावीत. मग “काळ बदलला बाई,” असं पुटपुटत निघून गेल्या. मला वाटलं, केसपेपरमध्ये झालेल्या बदलांबद्दल बोलत असतील.

त्यानंतर हॉस्पिटलात जे सुरू झालं, ते मला काही केल्या कळेना. ज्या माणसांनी मला कधी नमस्कार केला नव्हता, ती थांबून हात मिळवू लागली. एक्स-रेवाला डोळा मारून म्हणाला, “छुपे रुस्तम निघालात!” कॅन्टीनवाल्याने विचारलं, “केक किती मोठा हवा?” मी चकितच! नोंदींच्या सभेला केक? पण म्हटलं, लोकांना विषय भिडलाय, तर आपण कशाला आडवं यायचं? म्हटलं, “मोठाच करा!”

लोक ठीकसाहेबांनाही गाठून अभिनंदन करत होते. कुणी “अभिनंदन सर!” म्हटलं की ते न थांबता म्हणायचे, “ठीक.” कुणी धीर करून विचारलं, “सर, खूश ना?” तर म्हणाले, “ठीक.” झालं! खुद्द त्यांच्याच तोंडून बातमी पक्की झाली. मॅडम त्या आठवड्यात प्रशिक्षणासाठी परगावी होत्या. त्यांना मी निरोप पाठवला होता, ‘शनिवारी आपल्या जोडीचा कार्यक्रम आहे.’ त्यांचं उत्तर आलं, ‘येते आणि बघतेच त्यांना.’ मला ते उत्साहाचं वाटलं.

शुक्रवारी फोन वाजला. पलीकडून एका बाईंचा आवाज, थोडा थरथरता.

“जुळवणारे ते तुम्हीच ना? मुख्य सिस्टरांनी नंबर दिला. मी त्याची आई. हाडांच्या डॉक्टरची.”

“नमस्कार काकू! बोला ना.”

“मला पोरगा काहीच सांगत नाही हो. घरी आला की जेवतो, ‘ठीक’ म्हणतो आणि झोपतो.”

“काकू, इथेही हीच तक्रार आहे. एक ओळ लिहीत नाही माणूस!”

“तिला तरी लिहितो का काही?”

“मॅडमना? अहो, सगळ्यात जास्त तक्रार त्यांचीच आहे!”

“अरेरे! मग कसं व्हायचं पुढे?”

“काही काळजी करू नका. उद्या सगळ्यांसमोर दोघांच्या सह्या घेतो. थेट रजिस्टरमध्ये!”

पलीकडून अगदी बारीक आवाजात, “रजिस्टर? म्हणजे उद्याच?”

“उद्याच! चार वाजता.”

“मी येते,” काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला. डॉक्टरच्या आईलासुद्धा नोंदींचं एवढं अगत्य! मी बायकोला सांगितलं, “बघ, याला म्हणतात काम!” तिने विचारलं, “आई कशाला येतेय पण?” मी म्हटलं, “तुला नाही कळायचं.” मलाही कळलं नव्हतं, पण बायकोला तसं कसं सांगणार?

शनिवारी चार वाजता सभागृहाचं दार उघडलं आणि मी दारातच थबकलो. पाय ठेवायला जागा नाही! ऑपरेशनच्या रबरी हातमोज्यांत हवा भरून त्यांचे फुगे केलेले, ते पाच बोटं पसरून छताला लोंबकळतायत. टेबलावर गाडीच्या चाकाएवढा केक. पहिल्या रांगेत ठेवणीतले कपडे घालून, हातात फुलं घेऊन काकू. मला अक्षरशः भरून आलं. इतकी वर्षं मी या लोकांना उगाच नावं ठेवली!

मोठे साहेब यायचे होते, पण मला धीर धरवेना. मी माइक घेतला.

“मित्रहो, आजवर या दोघांत संवाद नव्हता!”

“बरोबर!” मागून कुणीतरी ओरडलं.

“एकाने काय केलं, ते दुसऱ्याला कळत नव्हतं!”

हशा. मी जरा गोंधळलो, पण गाडी पुढे नेली.

“आता तसं चालणार नाही! रात्री काय झालं, ते सकाळी दोघांनी एकमेकांना दाखवायचं. सहीनिशी!”

सभागृह फुटायचं बाकी राहिलं. मुख्य सिस्टरांनी तोंडावर रुमाल दाबला. काकूंनी मान खाली घातली. मी घामाघूम! यात हसण्यासारखं काय आहे? रात्रपाळीच्या नोंदी आहेत त्या!

तेवढ्यात ठीकसाहेब आले, थेट ऑपरेशन थिएटरमधून, डोक्यावरची टोपीही न काढता. टाळ्यांचा कडकडाट! दुसऱ्या दाराने मॅडम आल्या, हातात प्रवासाची बॅग. त्यांच्यावर फुलांच्या पाकळ्या पडल्या. काकू उठल्या आणि मॅडमना मिठी मारून रडायलाच लागल्या.

“किती वाट बघायला लावलीत गं दोघांनी!”

“काकू, कसली वाट? हे काय चाललंय?” मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

“आपल्या जोडीचा पहिला दिवस आहे, मॅडम!” मी म्हणालो.

मॅडम दाराशेजारच्या फलकाजवळ गेल्या. सूचना वाचली. पुन्हा वाचली. मग वळून अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “हे तुम्ही लिहिलंत?”

आणि तेव्हा, वाचकहो, अगदी तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला! तळघरातल्या त्या दिव्यासारखा नाही, चांगला लख्ख! मला वाटलं, हातमोज्याचा एक फुगा व्हावं आणि छताला चिकटावं.

“नोंदी...” मी माइकमध्ये पुटपुटलो. “केसपेपरच्या नोंदींची सभा आहे ही. लग्नाचं काही नाही.”

त्याच वेळी दार उघडून मोठे साहेब आत आले, हातात हा एवढा पुष्पगुच्छ! “अभिनंदन, अभिनंदन! मला आधी सांगायचं नाही होय रे?” शब्द यांनीच आणला होता, आणि गुच्छही यांनीच!

कुणी हसलं नाही, कारण काकू मटकन खाली बसल्या होत्या. “म्हणजे लग्न नाही?” त्यांनी लहान मुलीसारखं विचारलं. हातातली फुलं कुठे ठेवावीत ते त्यांना कळेना. मला इतकं वाईट वाटलं की तळघरात आपणहून जावं.

मॅडम त्यांच्याजवळ बसल्या. राग कुठल्या कुठे गेला होता. “काकू, तुमचा मुलगा वाईट नाही हो. पण जो माणूस आपण काय केलं ते कागदावर लिहीत नाही, तो मनातलं कधी सांगणार?”

सगळ्यांच्या माना ठीकसाहेबांकडे वळल्या. ते आईकडे बघत होते. मग त्यांनी माझ्या खिशातलं पेन ओढलं, टेबलावरचा कोरा कागद घेतला आणि लिहायला लागले. एक ओळ. दुसरी ओळ. पान भरलं! उलटलं! मुख्य सिस्टरांनी शेजारणीचा हात घट्ट धरला. सगळ्यांच्या मनात एकच: मागणी घालतोय!

त्यांनी कागद मॅडमच्या हातात दिला. मॅडमनी वाचायला सुरुवात केली. काकूंनी डोळे मिटले.

“हे... आजच्या सकाळच्या ऑपरेशनचं आहे,” मॅडम म्हणाल्या. “काय सापडलं, काय बसवलं, पायावर भार कधी द्यायचा. सगळं आहे.” त्यांनी पुन्हा वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि भुवया उंचावल्या. “पण डॉक्टर, पाय कुठला? डावा की उजवा?”

ठीकसाहेब आयुष्यात पहिल्यांदा लाजले. “उजवा,” ते म्हणाले.

“मग लिहा!”

त्यांनी लिहिलं. आणि का कोण जाणे, सभागृहात टाळ्या पडल्या. केक तर होताच, तो कापला. कशाबद्दल कापला, ते मला विचारू नका.

माझी बदली झाली नाही. ठीकसाहेब हल्ली लिहितात, आणि मॅडम त्यात चुका काढतात. दोघं कॅन्टीनमध्ये समोरासमोर बसून केसपेपरवर अर्धा अर्धा तास वाद घालतात. चहा गार होतो, तरी उठत नाहीत. हा वाद आहे की आणखी काही, यावर हॉस्पिटलात दोन तट पडलेत.

पुढच्या महिन्यात दुसरी सभा झाली. या वेळी मी फलकावर लिहिलं, ‘केसपेपर तपासणी.’ बस! अगत्य नाही, नम्रता नाही. आले तीनच जण. ठीकसाहेब, मॅडम आणि पहिल्या रांगेत, नव्या कपड्यांत, काकू!

पुढे दोघांची एका कागदावरून जुंपली होती. काकू माझ्या कानाशी आल्या. “बाबा, आज तरी काही ठरतंय का?”

मी नुसती मान हलवली, अशी की त्यातून हो की नाही ते कुणालाच कळू नये. हल्ली मी बोलतो बेताचं. आणि लिहितो त्याहून बेताचं!