टाकीखालचे हलके खांब

"एका हातानं उचलतो बघा," म्हणत जावयानं ॲल्युमिनियमचा पोकळ खांब छत्रीसारखा काखेत मारून दाखवला होता. किती वजन पेलेल याचं गणित त्याचं स्वतःचं. तसे चार खांब सासऱ्यांच्या गच्चीवर उभे राहिले, वर पाण्याची टाकी बसली. लग्नापासून सासऱ्यांनी जावयाच्या एकाही गोष्टीला बरं म्हटलं नव्हतं. निदान या खांबांना तरी म्हणतील, एवढीच त्याची आस.

सुट्टीच्या दिवशी तो गच्चीवर आला आणि पाहतो तर काय. खांबांना मध्यावर जोडणाऱ्या आडव्या नळ्या गायब!

"बाबा, नळ्या कुठं गेल्या?"

"काढल्या. डोक्याला लागायच्या. वजन खांब पेलतात, त्या नुसत्या शोभेला."

"अहो, फूटपट्टी उभी धरून वरून दाबली की ती मोडायच्या आधी बाजूला वाकते. मध्ये बोटांनी धरून ठेवली, तर चौपट जोर सोसते. त्या नळ्या म्हणजे ती बोटं."

बोलता बोलता त्यानं पाहिलं. टाकी काठोकाठ भरलेली, आणि समोरचे दोन खांब जेवून सुस्तावलेल्या पाहुण्यांसारखे पोट पुढे काढून उभे!

"टाकीला हात लावू नका," एवढंच बोलून तो खाली धावला. टाकी रिकामी झाली नाही, तर ती शेजाऱ्यांच्या अंगणात उतरणार होती.

त्यानं न्हाणीघरातला नळ सोडला, बेसिनचा सोडला, स्वयंपाकघराकडे वळला. सासूबाई मागोमाग एकेक नळ बंद करत आल्या.

"हात धुवायला किती नळ लागतात हो तुम्हाला?"

"आई, राहू द्या चालू. टाकी पडेल."

"पाणी सांडून टाकी कशी वाचते?"

तेवढ्यात वरून आवाज आला. सासरे शिडी लावून टाकीत डोकावत होते. "अगं, पाणी कमी होतंय. मोटर लाव."

सासूबाईंनी लावली. जावयानं ती बंद केली आणि बटणाला पाठ लावून हात जोडले. "आई, पाया पडतो तुमच्या."

त्याचा पांढराफटक चेहरा पाहून त्या घाबरल्या. "बसा हो. पाणी देऊ?"

"द्या. सगळ्या नळांनी द्या."

टाकी रिकामी झाली तेव्हा तो वर गेला. सासरे शिडीवरून उतरून एक डोळा मिटून खांब निरखत होते. ओझं गेल्यावर खांब पुन्हा ताठ झाले होते, सुतासारखे सरळ.

"कुठं वाकलेत?"

"मघाशी वाकले होते."

"भरून बघू परत?"

"नको!"

सासऱ्यांनी खांबावर थाप मारली. "उगाच घाबरता. फर्मास खांब केलेत हो. नळ्यांशिवायसुद्धा उभे राहिले."

लग्नानंतरची ही पहिली शाबासकी. ती साभार परत कशी करायची, हे जावयाला कळेना.