मृत्यूच्या खिडकीवरचं पथ्य

जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात मृत्यूच्या खिडकीवर बसणाऱ्या कारकुनाच्या दोन्ही कोपरांवर सोरायसिस उठला. आजार खासगी होता, पण खिडकी सार्वजनिक होती, आणि कोपर टेकवल्याशिवाय दाखला काचेखालून पुढे सरकत नसे. पुढचं सगळं त्यातून घडलं.

कार्यालयात त्यांना दाखलेभाऊ म्हणत. दाखलेभाऊ सरळमार्गी गृहस्थ. लाल चट्ट्यांवर पांढरा कोंडा धरायला लागला तसे ते त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरीणबाईंनी कोपरं पाहिली, नखं पाहिली आणि सांगितलं, की हा आजार संसर्गाचा नाही, मुळापासून जाईलच असं नाही, पण आटोक्यात राहतो. मलम रोज लावा, कातडी कोरडी पडू देऊ नका, वजन थोडं उतरवा, दारू पीत असाल तर सोडा. एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

घरी बायकोचा पहिला प्रश्न होता, "पथ्य काय सांगितलं?"

"तसं काही नाही. वजन कमी करायचं."

"म्हणजे काहीच बंद नाही?"

"दारू. पण ती मी पीत नाही."

साधं वांगंसुद्धा जिला बंद करता येत नाही, त्या डॉक्टरणीने इतकी वर्षं शिकून केलं काय, हे बायकोला कळेना. तिने आपल्या भावाला फोन लावला.

मेहुणा विमा कंपनीत होता, त्यामुळे माणसाचं शरीर त्याला ठाऊक होतं. कोंडा पांढरा, तेव्हा पांढरं बंद, असा त्याचा हिशेब. दूध, भात, मीठ, साखर एका फोनमध्ये गेलं. दाखलेभाऊंच्या थोरल्या बहिणीने चट्टे लाल असतात याकडे लक्ष वेधलं आणि टोमॅटो, गाजर, बीट छाटून टाकलं. या दोघांचं एरवी एकमेकांशी मुळीच पटत नसे. बायकोने दोन्ही माणसांचा मान राखला आणि ताटात हिरवं तेवढं उरलं. शेजारणीने त्या हिरव्यातला कडू पाला निवडून त्याचा रस काढायला शिकवला.

कार्यालयात निराळीच गत. लोक रडवेल्या तोंडाने खिडकीशी येत, दाखलेभाऊंची कोपरं दिसली की डोळे पुसत आणि उपाय सांगायला लागत. दुःखातल्या माणसाला मध्येच कसं तोडायचं, म्हणून दाखलेभाऊ ऐकून घेत. एकजण काकांचा मृत्यूचा दाखला न्यायला आला होता. त्याने एका मुळीचा काढा खात्रीने सुचवला. काकांनीही तोच घेतला होता, असं तो म्हणाला. दाखलेभाऊंनी काकांच्या दाखल्यावर शिक्का मारला आणि आभार मानले.

सल्ल्यांपायी रांग रस्त्यावर गेली. तक्रारी वर पोचल्या आणि साहेबांनी दखल घेतली. साहेब कर्तव्यकठोर होते. एखादी गोष्ट बेकायदा चालू असेल तर ती बंद करण्यापेक्षा नियमित करण्याकडे त्यांचा कल असे. त्यांनी परिपत्रक काढलं. सदर कर्मचाऱ्याच्या त्वचेबाबत सल्ला देऊ इच्छिणाऱ्या नागरिकांनी तो मृत्यूच्या खिडकीवर न देता स्वतंत्र सल्ला खिडकीवर, ओळखपत्र दाखवून द्यावा. सल्ला खिडकीसाठी जन्माची खिडकी रिकामी करण्यात आली. जन्मणाऱ्यांनी गैरसोयीबद्दल क्षमा करावी, असंही त्यात नमूद होतं.

आता सल्ले जमले, तर छाननी हवी. म्हणून समिती नेमली. साहेब अध्यक्ष, हिशेबनीस सदस्य, कारण त्यांचा खांदा कडू पाल्याने बरा झाला होता, आणि साहेबांचे साडू तज्ज्ञ, कारण ते शुद्धिचूर्ण विकत. समितीने प्रत्येक सल्ला गांभीर्याने वाचला. अडचण एवढीच, की अर्ध्या लोकांनी जे खायला सांगितलं होतं तेच उरलेल्यांनी विष ठरवलं होतं. तेव्हा असं ठरलं, की वादग्रस्त पदार्थ अंतिम निर्णय होईपर्यंत स्थगित ठेवावेत. स्थगितीनंतर कोमट पाणी, उकडलेला दुधी आणि साडूंचं चूर्ण शिल्लक राहिलं. मलम रासायनिक असल्यामुळे ते नैसर्गिक उपायांच्या मार्गात अडथळा आणतं, असा निष्कर्ष निघाला. कोपरांवरचा कोंडा जरा बसत चालला होता, पण दाखलेभाऊंनी मलम बंद केलं. साहेबांनी सही करून कळवलेलं टाळण्याचा त्यांना सराव नव्हता.

पुढे व्हायचं ते झालं. चट्टे कोपरांवरून मनगटांवर उतरले, डोक्यात शिरले, बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. दाखल्यांच्या कोपऱ्यांवर रक्ताचे ठिपके उमटू लागले, आणि लोक दाखला चिमटीत धरून न्यायला लागले. समिती मात्र खूश होती. रोग बाहेर पडतोय, असं साडूंनी समजावलं.

"पण बाहेर पडून तो माझ्याच अंगावर येतोय," दाखलेभाऊ म्हणाले.

साहेबांनी शांतपणे खुलासा केला, की शंका हे पित्ताचं लक्षण आहे, आणि दुधी निम्म्यावर आणला.

एका सकाळी दाखलेभाऊ शिक्का उचलता उचलता टेबलावर कोसळले. रांगेतल्या लोकांनी त्यांना कांदा हुंगवावा की हुंगवू नये यावर थोडी चर्चा केली. शिपायाने तेवढ्यात त्यांच्या बायकोला बोलावून घेतलं. ती त्यांना रिक्षात घालून थेट डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. कोणालाही न विचारता तिने केलेली ती पहिली गोष्ट.

"मलम का सोडलं?" बाईंनी विचारलं.

"सांगितलं म्हणून."

"कोणी?"

दाखलेभाऊ विचारात पडले. "सगळ्यांनी," ते म्हणाले.

बाईंनी पुन्हा मलम दिलं, यंत्राच्या प्रकाशाचे शेक लिहून दिले. वजन उतरलं हे ठीक, पण उपाशी राहून उतरवायचं नव्हतं, असं म्हणाल्या. साधं, नेहमीचं, पोटभर जेवायचं.

"भात चालेल?" दाखलेभाऊंनी हळूच विचारलं.

"खा की."

"दूध?"

"प्या."

दाखलेभाऊंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. बायको भिंतीवरच्या कातडीच्या चित्राकडे बघत बसली. घरी गेल्यावर तिने भात टाकला आणि रसाचं भांडं पालथं घातलं.

त्यानंतर दाखलेभाऊ दप्तरखान्यात जाऊन, जुन्या मृतांच्या आड उभे राहून मलम लावू लागले. हळूहळू भेगा भरल्या, कोंडा गेला, कोपरांवर फिकट डाग तेवढे राहिले. हे दिसताच समितीने स्वतःचं अभिनंदन केलं आणि सत्काराचा कार्यक्रम ठेवला. शाल नको, अंगाला टोचेल, असं सुचवण्याइतकं वैद्यकीय ज्ञान आता सगळ्यांकडे होतं. पुष्पगुच्छ दिला.

दाखलेभाऊ बोलायला उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी वरिष्ठांसमोर खरं सांगायचं ठरवलं होतं.

"मी मलम लावत होतो," ते म्हणाले. "आणि भात खात होतो."

साहेब उठले. चूर्णाने शरीर इतकं शुद्ध झालं, की मलमासारख्या वस्तूचासुद्धा त्यावर गुण आला, असं त्यांनी स्पष्ट केलं. टाळ्या पडल्या. साडूंकडचं चूर्ण त्याच दिवशी संपलं.

आता लोक उपाय विचारायला दाखलेभाऊंकडे येऊ लागले. परवा एक शिवणकाम करणारी बाई आली. तिच्या गुडघ्यांवर चट्टे होते. डॉक्टरांचं मलम घरात पडून होतं, कारण सोबत कुठलंच पथ्य दिलेलं नव्हतं. दाखलेभाऊ तिला म्हणाले, की मलमच लावा, पथ्य काही नाही. तिचं तोंड उतरलं. ती साडूंकडे जायला वळली.

दाखलेभाऊंनी तिला हाक मारली. खिडकीतून वाकून, आवाज खाली आणून म्हणाले, "एक आहे. पण फार कडक."

ती लगबगीने परत आली.

"मलम चालू असेपर्यंत डॉक्टर सोडून कोणाचाही उपाय कानावर घ्यायचा नाही. घरच्यांचासुद्धा नाही. मोडलं तर सगळा गुण गेला."

बाईचा चेहरा उजळला. हे खरं पथ्य. पण लगेच ती काळजीत पडली. जमेल का हो, तिने विचारलं. दाखलेभाऊ खरं तेच बोलले, की अजून कोणाला जमल्याचं ऐकिवात नाही.

तुम्हालाही एव्हाना एखादा हमखास रस आठवला असेल. आधी तुम्ही घ्या.