शालनकाकूंच्या कोपराचा मेंटेनन्स

सोपानतात्यांनी स्वतःच्या बायकोला लाल पाटी लावली होती. 'दुरुस्ती चालू. हात लावू नये.' खाली नाव, तारीख, सही.

थट्टा नव्हे. तात्या चाकणच्या एका कारखान्यात तीस वर्षं मेंटेनन्सला फिटर होते. मशीन उघडायच्या आधी बंद करायचं, वर आपल्या नावाची लाल पाटी लावायची आणि ज्यानं लावली त्यानंच ती काढायची, हा तिथला नियम. मॅनेजर आला तरी पाटीला हात लावत नाही. शालनकाकूंचा उजवा हात दुरुस्तीला निघाल्यावर त्यांच्या गळ्यातल्या झोळीलाही सेफ्टी पिनेनं पाटी लागली.

आमची दारं समोरासमोर, त्यामुळे तात्यांपासून मला सुटका नाही. कुणी लग्नाची पत्रिका दिली तरी ते विचारणार, "लोड किती हाय?" म्हणजे माणसं किती. काकूंना जुना आमवात. त्यात कोपर पार झिजलं, म्हणून दोन वर्षांपूर्वी तिथं कृत्रिम सांधा बसवला. या हातानं दोन किलोच्या वर जन्मभर उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, आणि तात्यांच्या अंगात संचारलं. काकूंनी तांब्या उचलला तरी बाहेरून आवाज यायचा, "लोड किती?"

तरी यंदा उन्हाळ्यात काकू बाथरूममध्ये पडल्याच. गाडी माझी, म्हणून दवाखान्यात मीही गेलो. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. "सांध्याचा दांडा वर हाडात घुसवलेला असतो ना, त्याच्याभोवतीच हाड मोडलंय. आता तो दांडा घट्ट आहे की ढिला, यावर सगळं."

"प्ले हाय का?" तात्यांनी विचारलं.

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. "हलतोय का, असं म्हणतायत," मी म्हणालो.

"हलतोय. म्हणजे बाहेरून नुसती स्टीलची पट्टी मारून भागणार नाही. जुना काढून लांब दांड्याचा सांधा घालावा लागेल, मोडलेल्या जागेच्या पलीकडं पोचेल असा. वरून तारेनं आवळायचं."

"आत्ता कसं! शाफ्ट ढिला अन् बाहेरून वेल्डिंग, आमच्यात नवी पोरं असलंच करायची." तात्यांनी चक्क डॉक्टरांच्या पाठीवर थाप मारली. "अन् ग्रीस कुठलं घालता?"

"मी हितंच हाय म्हणलं," काकू खुर्चीतून म्हणाल्या.

ऑपरेशन चांगलं झालं. पुढचे तीन महिने भाकरी, भांडी, काकूंना भरवणं, सगळं तात्यांनी केलं. वेणीसुद्धा तेच घालायचे, आणि ती इतकी आवळून की बिचाऱ्या काकूंच्या भुवया दिवसभर वर. शेवटी डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, हाड जुळलं, आता हात हळूहळू हलवायला लागा. तात्या "व्हय, व्हय" म्हणाले आणि घरी आल्यावर झोळी होती तशीच ठेवली.

असे तीन आठवडे गेले. व्यायाम शिकवायला आलेल्या मुलीला त्यांनी दारातूनच वाटेला लावलं. "पाटी माझी हाय. मी काढंन तवाच." डॉक्टरांचा मला फोन आला. कोपर असंच आखडलं तर बाईंना आपल्या हातानं घास खाता येणार नाही, म्हणाले. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी तसाच समोर गेलो.

"तात्या, आता पुरे झालं. हाड जुळलंय. हात तुम्हीच जाम करताय, राव! कसली एवढी भीती?"

तात्या ओट्याशी पीठ मळत होते. मळतच राहिले.

"ती पडली कशी, ठाव हाय का तुमाला?"

"पाय घसरून."

"भिजल्या चादरींची बादली उचलली तिनं. हात लचकला, तोल गेला. मला हाक मारली असंल. मी तुमच्याकडं व्हतो, वॉशिंग मशीन उघडून. तीस वर्सं बेअरिंगचा बारीक आवाज लांबनं वळखला म्या. अन् हिची हाक मला ऐकू आली न्हाई."

मशीन त्या दिवशी दहा मिनिटांत दुरुस्त झालं होतं. "बसा हो तात्या, काय घाई आहे," म्हणून दुसरा चहा मीच टाकला होता. तात्या कारखान्यातले किस्से सांगत होते आणि आम्ही पोट धरून हसत होतो. शरमेनं मला त्यांच्याकडे बघवेना.

काकू आतून आल्या. डाव्या हातानं त्यांनी पिन काढली, पाटी ओट्यावर ठेवली आणि झोळीतून हात बाहेर घेतला. तो वाकेना. दात आवळून त्यांनी तो वीतभर हलवला. तात्या पिठाचे हात तसेच धरून बघत राहिले.

"मी हाक मारलीच न्हाई," काकू म्हणाल्या. "समोरच्या घरात तुमी हसत व्हता, हितवर ऐकू येत व्हतं. रिटायर झाल्यापासनं तसं हसला न्हवता. म्हणलं, हसू देत."

तात्यांनी पिठाच्याच हातानं काकूंच्या कोपराला खालून आधार दिला.

"मारायची ना गं हाक," ते म्हणाले.