सरांची छत्री

"सर, चहा घेता का?" असं विचारलं की आमचे वानखडे सर आधी एक बोट आकाशाकडे करतात, मनातल्या मनात तीनपर्यंत मोजतात आणि मग म्हणतात, "हाव." तोवर चहावर साय धरलेली असते.

ही सवय छत्रीची. सर डोणगावच्या शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावाबाहेर मळ्यात घर बांधलं. तिथे मोबाईलला रेंज नाही, म्हणून गच्चीवर उपग्रहाच्या इंटरनेटची छत्री बसवली. मुलगा प्रशांत कॅनडात. दर रविवारी सकाळी त्याच्याशी बोलताना सर एक वाक्य टाकतात, बोट वर करतात आणि वाट पाहतात.

"छत्तीस हजार किलोमीटर वर गेलं, खाली उतरलं, त्यानं ऐकलं. आता उत्तर तसंच येऊन राह्यलं. दम धर बे!"

हे मला. भूगोलात मी दोनदा गटांगळी खाल्लेली, त्यामुळे सरांचा माझ्यावर अजून विश्वास नाही.

मोठा पाऊस आला की छत्री बंद. छत्रीवर माकड बसलं तरी बंद. मग सर बांबू घेऊन गच्चीवर जातात आणि वर्गात आम्हाला घातलेल्या सगळ्या शिव्या माकडांना घालतात.

मी ग्रामपंचायतीत कारकून. गावात फायबर आलं तेव्हा गुरुदक्षिणा म्हणून पहिली तार मी सरांच्या मळ्यापर्यंत ओढून नेली.

"सर, केसाएवढ्या काचेतून उजेड पळते. ढग नाही, माकड नाही. इकडं बोललं का तिकडं पोचलं!"

"अन् जेसीबीनं तोडली तं?"

"जोडून देऊ ना."

सरांनी बोट वर न करता मान हलवली. मला उशिरा का होईना, पास झाल्यासारखं वाटलं.

दोन महिन्यांत सरांची लाइन बंद पडली. पाहायला गेलो. कुंपणापाशी तार सापडली, सुपारी कातरावी तशी साफ कापलेली. सर ओट्यावर अडकित्ता घेऊन बसले होते.

"जेसीबी आला होता," सर म्हणाले.

"सर, जेसीबी कवापासून सुपारी खाऊन राह्यला?"

सर हसले नाहीत. अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "पोराले दर रविवारी विचारतो, घरी कधी येतो? त्याचं 'पाहू बाबा' उशिरा येई. मले वाटे, उशीर आभाळाचा हाये. तुह्या फायबरवर प्रश्न लगेच पोचते. तरी 'पाहू बाबा' तितक्याच उशिरा येते. मंग समजलं बे, उशीर पोराचा हाये."

मला स्वतःच्या हुशारीची लाज वाटली. तक्रारवहीत मी लिहिलं, 'जेसीबीने तार तुटली. जोडण्याजोगी नाही.'

छत्री सरांनी गच्चीवरून काढू दिलीच नव्हती. पुढच्या रविवारी ती पुन्हा सुरू केली. सरांनी फोनवर विचारलं, "बेटा, घरी कधी येतो?" आणि बोट वर केलं. तीन झाले, पाच झाले.

"आज ढग लय हायेत, सर," मी हळूच म्हणालो.

सरांनी वरच्या निरभ्र आभाळाकडे पाहिलं आणि मोजायला न थांबता म्हणाले, "हाव."