आश्रयाचा इंटरव्ह्यू आणि माझं कोचिंग

हे मी लिहिणारच नव्हतो. अर्धं टाइप करायचो, उडवायचो आणि चहा ठेवायला उठायचो. पण हा गाढवपणा डोक्यात बसून रोज टपल्या मारतोय, तेव्हा एकदाचं लिहूनच टाकतो.

आधी माझी फुशारकी ऐका. मी ज्ञानेश. राहतो डब्लिनजवळच्या लिक्सलिपला, काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. इंजिनीअरिंगची डिग्री वगैरे नाही, सगळं फुकटच्या व्हिडिओंवर शिकलो. पण इंटरव्ह्यू म्हणाल तर आपला हात धरणारा कोणी नाही! पुण्यातली माझी अख्खी गँग मी घोटून घेतली. नोकरीचा इंटरव्ह्यू असो, व्हिसाचा असो, एकाचा तर कांदेपोह्यांचासुद्धा! सगळे सिलेक्ट.

त्यामुळे टेंडाई म्हणाला की त्याची मुलाखत आहे, तेव्हा मला वाटलं, चला, गिऱ्हाईक आलं.

टेंडाई आमच्या क्रिकेट क्लबचा ओपनर. झिम्बाब्वेचा. तिकडे शाळेत गणित शिकवायचा. इथे त्याने आश्रय मागितलाय. म्हणजे 'मायदेशी माझ्या जिवाला धोका आहे, मला परत पाठवू नका' असा अर्ज केलाय. एका जुन्या हॉटेलात अशा लोकांना ठेवतात, तिथे एका खोलीत तिघंजण राहून तो निकालाची वाट बघत होता. 2020 मध्ये मुलाखत ठरली, कोविडने रद्द झाली. पुन्हा ठरली, पुन्हा लॉकडाऊन. शेवटी 2021 च्या उन्हाळ्यातली तारीख मिळाली.

नेट प्रॅक्टिसच्या वेळी त्याने मला सगळी पद्धत समजावली. आधी डब्लिनच्या ऑफिसात जाऊन अर्ज करायचा. तिथे बोटांचे ठसे घेतात, थोडी विचारपूस करतात. मग एक जाडजूड प्रश्नावली मिळते, त्यात आपली सगळी हकिगत लिहून द्यायची. मग मोठी मुलाखत. मग निर्णय. नाही म्हणाले तर अपील.

मी म्हटलं, अरे, हे तर सोपंय! स्क्रीनिंग, रिटन टेस्ट, टेक्निकल राउंड आणि ऑफर लेटर!

 तो म्हणाला की त्याच्या वकीलबाईंनी सांगितलंय, काय घडलं ते सावकाश, खरं खरं सांग, बस. मी त्याला समजावलं की वकिलांना कायदा कळतो, पण क्रॅक कसं करायचं ते कळत नाही. काय तो माझा आत्मविश्वास! आठवलं की अजून कान गरम होतात.

त्याच्या त्या हॉटेलात कोविडमुळे पाहुण्यांना बंदी होती, म्हणून क्लास व्हिडिओ कॉलवर. टेंडाई तिथल्या कपडे धुण्याच्या खोलीत बसायचा, मागे ड्रायर विमान उडाल्यासारखा घरघरायचा. मी पहिलं काम काय केलं असेल? त्याच्यामागे पुस्तकांच्या कपाटाचा नकली बॅकग्राउंड लावला. इम्प्रेशन पडतं!

मग नियम. हसतमुख राहायचं. उत्तर दोन मिनिटांच्या वर न्यायचं नाही. आणि आधीच्या कंपनीबद्दल कधी वाईट बोलायचं नाही.

"माझी कंपनी नाही," टेंडाई म्हणाला. "माझा देश आहे."

"तेच ते. वाईट बोललं की माणूस निगेटिव्ह वाटतो."

"मग मी तिथून का निघालो, ते काय सांगू?"

"नव्या संधींच्या शोधात," मी म्हणालो.

हो, म्हणालो. लपवून काय उपयोग.

त्याच्या हकिगतीत दोन वर्षांचा खड्डा होता. शाळेतली नोकरी सुटली तेव्हापासून देश सोडेपर्यंत. तो काळ आला की टेंडाई अडखळायचा, ड्रायरकडे बघायचा. मी म्हटलं, गॅप! गॅप बघितली की इंटरव्ह्यू घेणारे तुटून पडतात, ती आधीच बुजवायची. मी त्याला पाठ करायला लावलं: वैयक्तिक कारणांसाठी ब्रेक घेतला आणि त्या काळात स्वतःची कौशल्यं वाढवली. दोन-चार दिवसांत तो हे इतकं गुळगुळीत म्हणायला लागला की मलाच माझा अभिमान वाटला.

रंगीत तालमीला मी वृंदाताईला अधिकारी केलं. वृंदाताई माझी मावसबहीण, वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. ड्युटी संपवून, मास्कचे वळ तसेच घेऊन बसली बिचारी. टेंडाईने ब्रेकचं वाक्य टाकलं. तिने हलकेच विचारलं, "म्हणजे नक्की काय झालं होतं?"

तो काहीतरी बोलायला लागला. आणि मी मध्ये पडलो, की हा भाग स्किप, पुढचा प्रश्न घे.

कॉल संपल्यावर ताईचा मला वेगळा फोन. "अरे, त्याला बोलू दे की जरा. त्याचं काय झालंय ते तुला तरी माहितीये का?"

मी म्हटलं, ताई, तू पेशंट बघ, इंटरव्ह्यू माझ्यावर सोड.

मुलाखतीच्या दिवशी मीच त्याला गाडीने डब्लिनला नेलं. वकीलबाई तिथेच भेटणार होत्या. टेंडाईने माझा टाय लावलेला. तो आत गेला आणि मी गाडीत बसून राहिलो. मांडीवर पेढ्यांचा डबा! मिल्क पावडरचे, आदल्या दिवशी घरी केलेले. मला वाटलं होतं, लगेच सांगतात.

सकाळची दुपार झाली, दुपारची संध्याकाळ. मी खूश. म्हटलं, लांबला म्हणजे आवडलाय.

तो बाहेर आला, गाडीत बसला, काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं आणि मी त्यात पेढा कोंबला. कोंबला हो! मग तो शांतपणे पेढा चघळत होता आणि मी अभिनंदन, अभिनंदन करत होतो.

पेढा संपल्यावर त्याने सांगितलं.

सुरुवातीला सगळं माझ्या स्क्रिप्टप्रमाणे. हसला. देशाबद्दल चांगलं बोलला. नव्या संधी म्हणाला. मग त्या दोन वर्षांबद्दल विचारलं आणि त्याने ब्रेकचं वाक्य सुरेख म्हणून दाखवलं. समोरच्या अधिकारी बाईंनी लिहायचं थांबवलं. म्हणाल्या, प्रश्नावलीत तर तुम्ही वेगळंच लिहिलंय. दोन्हींतलं खरं कुठलं?

 इथे सगळं यावरच अवलंबून असतं की तुमच्या बोलण्यावर विश्वास बसतो की नाही. लिहिलेलं एक आणि बोललेलं दुसरं निघालं, की खरा माणूसही खोटा ठरू शकतो. आणि खोटा ठरला तर परत. जिथून पळून आला तिथे.

"मग तू काय म्हणालास?"

"काही नाही.  पुढचे प्रश्न झाले. शेवटी त्या सगळं वाचून दाखवतात, चूक असेल तर सांगायला. त्या माझंच बोलणं वाचत होत्या आणि मला वाटत होतं, हा कोण माणूस आहे? याला तर काहीच झालेलं नाही. याला कशाला ठेवून घ्यायचं?"

तेव्हा त्याने हात वर केला, वर्गात करतात तसा. म्हणाला, हे मी पाठ केलेलं आहे, मला पुन्हा सांगायचंय. वकीलबाईंनी डोक्याला हात लावला म्हणे. पण समोरच्या बाई 'ग्रँड' म्हणाल्या, म्हणजे इकडच्या बोलीत 'काही हरकत नाही', पाणी दिलं, पुन्हा लिहायला बसल्या. आणि त्याने सगळं सांगितलं. संध्याकाळ त्यातच झाली.

मी म्हटलं, माझं चुकलं. मग जरा वेळाने, स्वतःची बाजू राहावी म्हणून, असंही म्हटलं की तू मला थांबवलं का नाहीस.

"तुझं उत्तर सोपं होतं, ज्ञानेश," तो म्हणाला. "ते म्हटलं की ती दोन वर्षं आठवावी लागत नव्हती."

 गाडी चालू करायचीही अक्कल राहिली नाही. पार्किंगवाला येऊन काचेवर टकटक करून गेला.

निकाल अजून आलेला नाही. कधी येईल माहीत नाही, काय येईल तेही नाही. पत्र आलं का, असं मी रोज विचारायचो, तर परवा त्यानेच सांगितलं, विचारू नकोस. पण त्याच दिवशी, मैदानाबाहेर बाकावर पॅड सोडता सोडता, त्याने ती दोन वर्षं मला सांगितली. पहिल्यापासून. मी मध्ये एक शब्द बोललो नाही.

मग मी घाबरत घाबरत विचारलं, की हे सगळं मी मराठीत लिहिलं तर चालेल का.

"तुझा मूर्खपणा तुझा आहे, खुशाल लिही," टेंडाई म्हणाला. "ती दोन वर्षं माझी आहेत. ती तू लिहायची नाहीत."

नाही लिहिणार, म्हटलं. शब्द दिला.